शेवंडीच्या होडीवर मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र

हे लिहायचं तीन दिवस चुकवलं. पहिल्या दिवशी पेन नव्हता, दुसऱ्या दिवशी खिडकीत बगळा येऊन बसला, काल उगाच. नात्यातल्या कुणाची सही मिळाली तर उद्या सकाळी पोटातली गाठ काढणार आहेत, म्हणून आज बसलो.

मी, मच्छिंद्र रायभान तरवटे, वय सत्तावीस, राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, सध्या नवीन जालन्यातल्या दवाखान्यात खाट नंबर नऊ, अक्कलहुशारीनं आणि कुणाच्या दाबाशिवाय लिहून ठेवतो की मी जिवंत आहे. बाकीच्यांना हे लिहावं लागत न्हाई. मला लागतं, कारण सात-बाऱ्याच्या हिशेबानं मी मयत आहे.

कलम एक. माझी दुर्बीण. मालवणात आठ वर्षं बाबी तांडेलाच्या होडीवर होतो. सहा पाहुणे बसवायचे, पहाटे शेवंडीचं जाळं ओढून दाखवायचं, मंग खडकांना फेरा मारून पक्षी दाखवायचे. शेवंड म्हणजे हातभर मिशांचा झिंगा. आमच्याकडं सांगितलं तर कुणी खरं मानत न्हाई. मी मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्या घरातला. कुरव कोणता, सुरय कोणती, हे पाहुण्यांच्या दुर्बिणीआधी मला दिसायचं. पुण्याच्या एका बाईंनी खूश होऊन ही दुर्बीण दिली. ती शेजारच्या खाटेवरच्या राधाकिसनमामांना द्यावी. त्यांना दिवसभर स्टेशनाकडं बघायचं असतं.

कलम दोन. बाबी तांडेलाला काही न्हाई. पाहुण्यांसमोर अंड्यांची शेवंड पाण्यात सोडायचा, टाळ्या घ्यायचा, आणि ते उतरले की त्याच जागी पुन्हा जाळं टाकायचा. होडी उलटली त्या दिवशी वारा बघून मी म्हणालो होतो, "बाबीदा, आज नको."

"रे घाटी, तू माका दर्या शिकवतंस?"

कलम तीन. बोरीच्या शेतातले माझ्या वाट्याचे तीस गुंठे. होडी उलटल्यावर मी घरी कार्ड टाकलं. "होडी उलटली. सगळे पाण्यात. दोघं सापडले न्हाईत." मंग डोक्यावर कुरव कसे फिरत होते ते लिहीत बसलो आणि जागा संपली, खाली नाव टाकायचंही राहिलं. मी वाचलो, हे पुढच्या कार्डावर लिहिणार होतो. आज-उद्या करत चार वर्षं गेली.

तेवढ्या कार्डावर थोरल्या भावानं, धर्मराजनं, वर्षभर थांबून माझा दहावा घातला आणि शेत नावावर केलं. परवा डॉक्टर म्हणाले, नात्यातल्या माणसाची सही पाहिजे, त्याशिवाय हात लावणार न्हाई. निरोप धाडला. दादा आला, पण खाटेपासून लांबच उभा राहिला.

"सही कर, दादा."

"कशी करू? तू मेल्ता ना? केस दिले म्या. गावजेवण घातलं."

"मंग काय करू, पुन्हा मरू?"

त्यानं खिशातून वारसनोंदीच्या कागदाची नक्कल काढून दाखवली. खाली आईचा अंगठा. "तिला सांगितलं न्हाई अजून. कशाला तरास?" असं म्हणून जल्दी निघून गेला. केळी ठेवली, ती पण काळी पडलेली.

तर ते तीस गुंठे त्याला बिलकुल मिळू नयेत. गावातल्या मेंढक्यांना चारायला मोकळे सोडावेत.

कलम चार. आईला, सगुणाबाईला, काही न्हाई. तिला अक्षर येत न्हाई, कार्ड दादानं वाचलं, सगळं मला बराबर ठाऊक आहे. तरी अंगठा लावायच्या आधी तिनं एकदा मालवणला येऊन बघायला पाहिजे होतं.

कलम पाच. मी गेलोच, तर दहावा घालू नये. एकदा झालेला आहे.

ठिकाण: नवीन जालना. तारीख: १२ फेब्रुवारी १९९९.
सही: म. रा. तरवटे
साक्षीदार: १. राधाकिसन घुले, खाट नंबर दहा. २. नंदाबाई साळवे, या वॉर्डातल्या नर्सबाई.

सह्या झाल्यावरचं. दारात आई उभी आहे. एकटी, एसटीनं आलेली. राधाकिसनमामा भिंतीकडं तोंड करून पडलेत, म्हणजे निरोप त्यांनीच धाडला. आई माझ्या पायाशी आली, चादर वर केली, आणि भुताची असतात तशी पावलं उलटी तर न्हाईत ना, ते हात लावून पाहिलं. मंग नंदाबाईंकडं वळली.

"अंगठा कुठं लावायचा, बाई?"

नंदाबाई शाईची डबी आणायला गेल्यात. कलम चार मी खोडलं आहे.