बांधावरचं झाड

बाबा,

खाणीचं गाळपाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर तुम्ही आईच्या आठवणीसाठी लावलेलं झाड मी काल तोडायला लावलं. बांधाच्या देखरेखीला तुमच्या जागेवर आता मी आहे, आणि बांधाखाली वस्ती आहे. मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते, म्हणून तीही खणून काढली आणि खड्डा मातीनं भरून चोपून घेतला.

संध्याकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "सावली पडते का गं आता?" मी "पडते" म्हणाले. हे पत्रही काही टाकायची नाही.

माझ्या लहानपणी बांधावर साधं रोप दिसलं तरी तुम्ही उपटून टाकायचात. मग हे एकच कसं लावलंत, ते मी कधी विचारणार नाही. तुम्हीही सावलीचं विचारत जाऊ नका.

तुमची,
धाकटी