आपल्यातलं आळशी एन्झाइम

प्रिय ठमे,

ही हाक वाचून नाक मुरडलं असशील. नोकरीला लागलेल्या मुलीला ठमे म्हणू नये, कळतं मला. पण कागदावर तुझं खरं नाव लिहिलं की शाळेत रजेचा अर्ज पाठवतेय असं वाटतं, म्हणून राहू दे.

पुढच्या आठवड्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हे बाबांनी कळवलं. तू कळवलं नाहीस याचा राग नाही. रविवारी फोनवर तू "बरी आहे" म्हणालीस, मीही "बरी आहे" म्हणाले, मग दोघींनी हवेची चौकशी केली आणि फोन ठेवला. आपले फोन असेच असतात, म्हणून लिहायला बसले. तुझ्या ऑपरेशनबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, पण त्यासाठी आधी माझ्या कामाबद्दल थोडं ऐकावं लागेल. लहानपणी तू सगळ्यांना सांगायचीस, "माझी आई लिव्हर बनवते." तुझ्या वर्गशिक्षिकेने मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?"

लिव्हर नाही गं. गिळलेल्या औषधाची मोडतोड करणारी एन्झाइम लिव्हरमध्ये असतात, त्यांतलं एक आम्ही बनवतो. माणसाचं जनुक, म्हणजे ते एन्झाइम कसं करायचं याची कृतीच म्हण ना, दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगाच्या अळीच्या पेशींत घालायचं आणि त्या पेशी टाकीत वाढवायच्या. त्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय! त्या माणसाचं एन्झाइम करत बसतात. त्यांना ऊब हवी, साखर वेळेवर हवी, सतत हलकेच हलवत ठेवायला हवं. आमचा टाकीवाला म्हणतो, "मॅडम, सख्ख्या जावयाचे एवढे लाड केले नाहीत मी." शेवटी ते एन्झाइम बोटाएवढ्या कुप्यांत भरून गोठवायचं आणि वर चिकटवायचं, 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी'. नवं औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी लोक ते आमच्या कुपीत घालून बघतात, लिव्हर त्याचं काय करील ते. कुपीवर 'मानवी' असं लिहिलेलं असतं, पण तिची माणसाशी कधी गाठ पडलेली नसते. सुट्टीच्या दिवशी तिची मला फार आठवण येते.

कारण इथे कोणी येत नाही. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली तर तिच्यात मीच असते. समोरचं बिऱ्हाड गेलं, त्यांचं पायपुसणं तेवढं दाराशी राहिलंय. मी ते झाडून ठेवते. स्वयंपाक एकटीपुरता करायला अजून जमलेला नाही, त्यामुळे सकाळची भाजी रात्री समोर येते तेव्हा ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. हसू नकोस. बरं, हस.

तर मूळ मुद्दा. या एन्झाइमचे आम्ही दोन प्रकार बनवतो. एक चपळ, बहुतेक माणसांत असतं तसं. दुसरं आळशी, थोड्याच लोकांत सापडणारं. नाव एन्झाइमचं आणि काम शून्य. दोन टाक्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून पेशींतलं जनुक तपासायची नवी पद्धत आम्ही बसवत होतो. तिला ताडून बघायला एक साधासुधा माणूस हवा होता. आमच्या धंद्यात अशा वेळी कोणी फार विचार करत नाही. जो जवळ असेल तो कापसाची काडी स्वतःच्या गालात आतून फिरवतो. मी फिरवली. उत्तर आलं ते आळशी टाकीसारखं. साहेब म्हणाले, "मॅडम, काड्या बदलल्या तुमच्या." पुन्हा केलं. तेच. "मग ही पद्धतच बोंबलली," म्हणून साहेब डोकं धरून बसले. शेवटी टाकीवाला म्हणाला, "माझा गाल घ्या की, रिकामाच आहे." त्याचं उत्तर अगदी जसं यायला हवं तसं आलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे पद्धत बरोबर आहे. मॅडम, साधासुधा माणूस म्हणून तुम्हीच चालत नाही." सगळे हसले, मीही हसले. मग हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ तसाच वाहत राहिला.

कारण या एन्झाइमला काय काय काम असतं ते मला पाठ आहे. कोडीन नावाचं एक दुखणं थांबवणारं औषध आहे. गंमत अशी की ते स्वतः फारसं काही थांबवत नाही. लिव्हरमधलं हे एन्झाइम त्याचं रूप बदलतं, तेव्हा कुठे आराम पडतो. एन्झाइम आळशी असेल तर गोळी पोटात जाते आणि दुखणं जागच्या जागी राहतं. तुझ्या जन्मानंतर टाके दुखायचे तेव्हा मला तेच दिलं होतं. मी कण्हायचे आणि तुझी आजी म्हणायची, "आम्हीही पोरं काढली बाई, पण गाव गोळा केला नाही." मग तू झोपाळ्यावरून पडलीस, मनगट मोडलं. तेच औषध, गोड पातळ. नर्स म्हणाली, पूर्ण डोस दिलाय, आता दुखायला नको. तू रडतच होतीस. आजी म्हणाली, "आईवर गेलीय. नाटकी." मी म्हणाले, तिला खरंच दुखतंय. पण माझा शब्द आधीच खोट्या नाण्यासारखा झाला होता. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, एकदा आजीकडे, आणि ओठ घट्ट मिटलेस. "बघा, कशी शहाणी झाली!" असं सगळ्यांनी तुझं कौतुक केलं.

या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बाबांची. माझ्या दोन्ही आळशी, त्यामुळे माझ्याकडून तुला दुसरं काही मिळणं शक्यच नव्हतं. बाबांकडून काय आलंय ते तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ते मनगट मला आठवतं.

तू घाबरू नकोस. मी कालच बाबांना फोन केला. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला परत वाचून दाखवलं, आणि आज डॉक्टरांशी बोलून कळवलं की तुला दुसरं औषध देणार आहेत, शिवाय तपासणीही करून घेणार आहेत. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "तुला तेव्हा खरंच इतकं दुखत होतं?" मी हो म्हणाले. मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

म्हणजे औषधासाठी या पत्राची गरज उरलेली नव्हती. तरी लिहिलं, कारण त्या मनगटानंतर मी तुला कधी रडताना पाहिलं नाही. मी घर सोडलं त्या दिवशीसुद्धा नाही. औषध बदललं तरी गुडघा दुखणारच आहे, ठमे. दुखला की खुशाल बोंब मार, वॉर्ड डोक्यावर घे. त्या वेळी जवळ कोणीतरी असं हवं, जे "खरंच का?" म्हणून विचारणार नाही. आत बाबा असले तर मी दाराबाहेरच्या बाकावर बसेन, आजी असली तरी बसेन. न बोलावता येऊन तुला अवघडून टाकायचं नाही, म्हणून अजून तिकीट काढलेलं नाही. फार काही लिहू नकोस. नुसतं 'ये' म्हण.

तुझीच,
पिशवी भरून बसलेली
आई