एकाच बाईपुरती जाहिरात

३ फेब्रुवारी, सोमवार

परत आलं! तिसऱ्यांदा! पाकिटावर तोच शेरा — 'घेण्यास नकार'. आणि अक्षर कुणाचं? मी स्वतः शिकवलेल्या पोस्टमनचं. चौतीस वर्षं पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर काढली. हा शेरा कुठे लिहायचा, तारीख कशी घालायची, 'नकार'मधला 'र' पुसट येऊ द्यायचा नाही — सगळं त्याला मी सांगितलं. आज दारात उभा राहून विचारतो, "मॅडम, अक्षर बरोबर आलंय ना?"

आलंय, मेल्या. सुंदर आलंय.

ताई राहते दोन गल्ल्या सोडून. चालत सात मिनिटं. अकरा महिने झाले, सख्ख्या बहिणीशी एक शब्द नाही. फोन घेत नाही. कारण काय, तर मी एक वाक्य दुरुस्त केलं! भावजींच्या शोकसभेत ताई कागद बघून बोलत होती. अगदी छान बोलत होती. मग म्हणाली, "डॉक्टरांच्या अथक प्रयत्नांमुळे ते आपल्याला सोडून गेले." आणि थांबली. मी पुढच्याच रांगेत. माझ्या तोंडातून निघून गेलं — "मुळे नाही गं ताई, नंतरही! प्रयत्नांनंतरही!" अख्खी सभा हसली. डॉक्टर स्वतः हसले. ताई हसली नाही. खाली उतरली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुला जन्मात पोच येणार नाही."

मला! जिने आयुष्यभर लोकांच्या सह्या घेऊन पोचपावत्या परत पाठवल्या, तिला पोच नाही!

आज नवीनच कळलं. सांगितलं दोन्हीकडचीने. ती ताईचीही धुणीभांडी करते आणि माझीही, म्हणून दोन्हीकडची. म्हणाली, "मोठ्या बाई अठ्ठावीसला मुलाकडे चालल्या. कायमच्या. घर विकलं. सामान बांधून झालं, आता नुसत्या मोबाइलवर मांजरं बघत बसतात."

मांजरं!

अठ्ठावीस म्हणजे पंचवीस दिवस. आणि तो मुलगा राहतो तिथे रात्र असते तेव्हा इथे दिवस.

५ फेब्रुवारी

सूनबाईची नोकरी म्हणजे दुकानदारांचे छोटे छोटे व्हिडिओ लोकांपुढे ढकलणं. मी याला इतके दिवस रिकामा उद्योग म्हणत आले. आज तिला म्हटलं, जरा बस, मला काही विचारायचंय. तिने कपच खाली ठेवला. घाबरली असावी.

म्हणाली, "आई, पत्र नाकारता येतं. व्हिडिओ नाकारता येत नाही. तो विचारत नाही, समोर येऊन उभाच राहतो."

हे मला पटलं. पोस्टात असती तर बढती मिळाली असती.

मग तिने समजावलं. व्हिडिओ आधी तसाच सोडायचा. आपोआप किती जणांकडे जातो ते बघायचं. जो जरा चालतोय, त्यालाच पैसे देऊन धक्का द्यायचा. लोक थांबून बघतात, एकमेकांना पाठवतात, मग यंत्राला वाटतं यात काहीतरी दम आहे, आणि ते फुकटात दाखवत सुटतं.

"म्हणजे बंद पडलेली गाडी ढकलायची."

"चालू होण्यासारखी असेल तर, आई. भंगार ढकलून उपयोग नाही." हे बोलताना तिने माझ्याकडे का पाहिलं ते मी विचारलं नाही.

मोबाइल मराठीत करून घेतला. आपोआपच्या त्या भागाला आत म्हणतात 'सेंद्रिय पोहोच'. सेंद्रिय! म्हणजे शेणखत घालून वाढवलेली? कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना मराठी येत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. हे भाषांतर करणाऱ्याला आमच्या सिस्टरने उभ्या फूटपट्टीने बोटांवर दिले असते. सहा.

७ फेब्रुवारी

व्हिडिओ काढला. इस्त्रीचं नेसले. खुर्चीत ताठ. वाक्याची पार्श्वभूमी, 'मुळे' आणि 'नंतरही' यांतला भेद, तीन उदाहरणं, आणि शेवटी माझा हेतू शुद्ध होता हे. चार मिनिटं वीस सेकंद.

सूनबाई म्हणाली, "पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे."

"पहिल्या तीन सेकंदांत मी घसा खाकरते."

"तेच म्हणते मी."

तिने कापून चाळीस सेकंद केले. तिन्ही उदाहरणं गेली!

८ फेब्रुवारी

एकोणीस वेळा पाहिला गेला. त्यात सात वेळा मी.

१० फेब्रुवारी

सूनबाई नको नको म्हणत होती, पण मी म्हटलं, दे धक्का. मग यंत्राने विचारलं, कुणाला दाखवू? वा! हे म्हणजे पत्ता लिहिण्यासारखंच झालं. चौतीस वर्षं मी लोकांना ओरडले की पत्ता पूर्ण लिहा. मी पूर्ण लिहिला. स्त्री. वय त्र्याहत्तर ते पंच्याहत्तर. अंतर एक किलोमीटर. आवड — मांजरं, विणकाम, समूहगान.

लाल अक्षरात उत्तर आलं, 'तुमचा प्रेक्षकवर्ग फारच अरुंद आहे.'

अरे, एकच तर बाई आहे! आणखी किती रुंद करू तिला?

वय वाढवलं, अंतर वाढवलं. विणकाम काढलं, समूहगान काढलं. शेवटी राहिलं काय, तर चाळीस किलोमीटरमधली मांजरं आवडणारी सर्व माणसं. तेव्हा कुठे म्हणालं — 'छान निवड!'

११ फेब्रुवारी

जाहिरात फेटाळली!! कारण — 'आरोग्यसेवेविषयी दिशाभूल करणारे विधान.' डॉक्टरांच्या प्रयत्नांमुळे माणूस जातो असं मी म्हणते आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी फेरविचारासाठी अर्ज केला. 'महोदय, विधान दिशाभूल करणारे आहे हेच मी अकरा महिने सांगते आहे.'

१२ फेब्रुवारी

अर्जही फेटाळला. चार सेकंदांत. इतक्या वेळात तर मी तिकीटसुद्धा चिकटवत नसे.

१३ फेब्रुवारी

सूनबाई म्हणाली, ताईंना मांजरं आवडतात ना, मग मांजर घ्या. मला मांजर अजिबात चालत नाही. शिंका येतात. पण शेजारीण तिच्या बोक्याला, पिवळ्याला, उचलून घेऊनच आली. लठ्ठ, एक कान फाटका, तोंडावर भाव जिल्हाधिकाऱ्याचा. माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "ताई, ऐक. 'मुळे' नाही, 'नंतरही'." आणि 'नंतरही' म्हणताच त्या मेल्याने पंजा उचलून माझ्या तोंडावर ठेवला. सरळ तोंडावर! गप्प बस म्हटल्यासारखा. मला शिंक आली.

सूनबाई हसून हसून जमिनीवर बसली. "आई, हाच. हाच सोडायचा. यात डॉक्टरही नाहीत."

मी म्हटलं, माझं म्हणणं तर आलंच नाही. म्हणे, "तुमचं म्हणणं आलंय. पंजाही आलाय."

भावजी असते तर त्यांना आवडलं असतं. ते मुद्दाम चुकीचं बोलायचे माझ्यासमोर. 'दरवाजा उघडी आहे', 'चहा थंड झाली'. मी ओरडले की खूश होऊन ताईकडे बघायचे.

१५ फेब्रुवारी

धक्क्याआधीच नऊशे. सूनबाई म्हणते, गाडी चालू होण्यासारखी आहे. दिला धक्का.

१६ फेब्रुवारी

चाळीस हजार.

१७ फेब्रुवारी

एक लाख दहा हजार. मोजण्यात चूक असावी.

१८ फेब्रुवारी

चूक नाही. भाजीवाली पुढ्यातली गिऱ्हाइकं सोडून ओरडली, "अगंबाई, 'नंतरही'वाल्या बाई!" रांगेतली एक अनोळखी म्हणाली, "मी 'मुळे'वाली." म्हणजे? तर दोन तट पडलेत. मूळ वाक्य काय होतं हे कुणालाच ठाऊक नाही, पण 'मुळे'वाले आणि 'नंतरही'वाले एकमेकांना खाली नाही नाही ते लिहितायत. एक गृहस्थ लिहितात, 'माझं लग्न तिच्यामुळे आणि तिच्यानंतरही टिकलं.' याचा अर्थ काय होतो देव जाणे. त्याला चार हजार लोकांनी बदाम दिलेत.

दोन डझन लोकांनी मला व्याकरणाचे प्रश्न विचारले. उत्तरं दिली. बाकी एक लाखांनी विचारलंय, मांजराचं नाव काय.

चष्म्याचा दुकानदार घरी आला. त्याचा चष्मा घालून व्हिडिओ करा म्हणाला, "पिवळ्यालाही एक घालू." दारातून घालवला.

दोन लाख लोकांपर्यंत पोहोच. आणि जिची हवी तिची पोच नाही.

२० फेब्रुवारी

दोन्हीकडचीला खोदून खोदून विचारलं. ताईने बघितला का? काय म्हणाली?

"बघितला की. मोबाइल उघडला की तुम्हीच. मांजर बघायला गेल्या, तुम्ही. आणखी खाली गेल्या, तुम्ही. भाचीने पाठवला, तुम्ही. डॉक्टरांनी पाठवला, तुम्ही. परवा मोबाइल बंद केला आणि ट्रंकेत घातला. म्हणाल्या, 'आता शांतपणे मांजरंही बघू देत नाही.'"

सूनबाईने कपाळावर हात मारला. म्हणे असं होतं, एकाच माणसाला फार वेळा दाखवलं की तो वैतागतो. हे आधी सांगायला काय झालं होतं?

म्हणजे हेही 'घेण्यास नकार'. फक्त शेरा ट्रंकेवर.

२१ फेब्रुवारी

म्हटलं, बंद कर सगळं. सूनबाईने धक्का थांबवला. तरी सायंकाळपर्यंत तीस हजार वाढले.

"आई, पैशांनी चालतं ते थांबवता येतं. आता ते आपलं आपण चाललंय."

"मग काढून टाक."

काढून टाकला. आता दुसऱ्यांनी उतरवून घेतलेले फिरतायत. एकाने माझ्या शिंकेवर ढोलकी वाजवलीय. हेच ते सेंद्रिय! तणासारखं!

२४ फेब्रुवारी

चार दिवस. ट्रंक, दोन पेट्या आणि एक बॅग, असं दोन्हीकडची सांगते. ताईने शाळेतला समूहगानाचा फोटो भिंतीवरून काढला. त्यात पहिल्या रांगेत ती, दुसऱ्या रांगेत मी, माझं तोंड उघडं. बाकी सगळ्यांचं मिटलेलं. तेव्हाही मी कुणाला तरी काहीतरी सांगत होते.

तो फोटो कुठल्या पेटीत घातला, विचारलं. तिला माहीत नाही.

२५ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नवीन पत्र लिहिलं. आधीच्या तिन्ही पत्रांत दोन दोन पानं होती, दाखल्यांसकट. हे एका ओळीचं — 'ताई, मुळेच बरोबर. न भेटता जाऊ नकोस.'

'मुळेच' बरोबर नाही. कुठल्याही शाळेत नाही. पण लिहिलं.

पाकिटाला पोचपावती जोडली आणि टपालात टाकलं नाही. स्वतः निघाले. सात मिनिटांची वाट. अकरा महिने का गेले नाही? कारण दारातून परत यायला लागलं असतं तर त्यावर शेरा कोण लिहिणार? लोकांच्या परत आलेल्या पत्रांचे ढीग लावले मी, पण स्वतः परत यायची तयारी नव्हती.

वाटेत तिघांनी थांबवलं. पिवळ्या कसा आहे.

ताईने दार उघडलं. वाळलीय. मागे पेट्या. मी काही बोलले नाही — हो, मी! पाकीट पुढे धरलं आणि पावतीवर बोट ठेवलं, सहीच्या जागी. सवयच.

तिने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ठेव. सही करून पाठवते."

आणि दार लावलं.

चार शब्द. परत येताना मोजले. चारच.

२७ फेब्रुवारी

पावती आली नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. म्हणाला, "मॅडम, हे माझ्याकडे आलंच नाही, तुम्हीच नेलं ना?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्हीकडची धापा टाकत आली. पोचपावती! ताईची सही, तारीख, सगळं जागच्या जागी. टाचणीने एक कागद जोडलेला — शोकसभेचा. तो ताईने लिहिलेला नाहीच. अक्षर भावजींचं, दवाखान्यातलं, वाकडंतिकडं. 'डॉक्टरांच्या अथक प्रयत्नांमुळे'च्या खाली दोन रेघा, आणि समासात — 'इथे थांब. धाकटी पहिल्या रांगेतून ओरडेल. मग सगळे हसतील.'

पावतीच्या मागे ताई लिहिते, 'ह्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं, आणि वळून बघते तर बघायला हेच नव्हते. तो राग तुझ्यावरचा नव्हता. मांजर कुणाचं गं ते?'

गाडी साडेअकराला येणार आहे. आत्ता दहा वीस. शेजारणीकडून पिवळ्याला घेते आणि निघते.