विनाफवारणी खोलीतील टोमॅटोची रोपे न जाळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
पीक संरक्षण संशोधन केंद्र.

विषय: विनाफवारणी खोलीतील रोपे जाळण्याचा व अर्जदारास कामावरून कमी करण्याचा आदेश तूर्त थांबवणेबाबत.
संदर्भ: चौकशी समितीची कालची बैठक.

महोदय,

१. मी हरितगृहात साहाय्यक आहे. आमच्या प्रयोगात एका खोलीतील टोमॅटोच्या रोपांवर जॅस्मोनेट या वनस्पती-संप्रेरकाची फवारणी होते, शेजारच्या खोलीत होत नाही. मग दोन्हीकडे अळ्या सोडतात. संप्रेरकामुळे रोप आधीच सावध होते आणि त्याची पाने अळीला पचत नाहीत. विनाफवारणी रोपांचा मात्र अळ्यांनी फडशा पाडावा, अशी अपेक्षा असते. या वेळी तिथल्याही अळ्या उपाशी सुकल्या. समितीच्या मते मी तिथे चोरून फवारणी केली.

२. मी फवारणी केलेली नाही. दोन खोल्यांमधली झडप उघडी होती. हे संप्रेरक हवेत उडते व शेजारच्या रोपांपर्यंत पोचले की तीही सावध होतात. हे केंद्रानेच आम्हांस शिकवले. तरी झडपेबद्दल समितीने चकार शब्द काढला नाही.

३. झडप माझ्या धाकट्या जावेने उघडली. ती माझ्याच शेजारी कामाला आहे व तिला इथे मीच लावून घेतले. फवारणीच्या जाईसारख्या वासाने तिचे डोके उठते. तिने सांगितले असते तर तिच्या वाट्याची फवारणी मी केली असती, पूर्वीही केली आहे. समितीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला काही माहीत नाही, ताईंनाच विचारा." माझ्याकडे पाहिलेही नाही. मला ते फार लागले. संध्याकाळी घरी तिने नेहमीसारखा चहा पुढे केला व मी तो मुकाट्याने घेतला, याचीही नोंद व्हावी.

४. पांढरी माशी गुपचूप रस शोषते, रोपाला भलतेच संप्रेरक तयार करायला लावते आणि अळीशी लढायचे त्याचे बळ घटते, हे महोदयांस ठाऊकच आहे. माझे तेच झाले. मी पर्यवेक्षकांपासून सावध राहिले, घरच्या माणसापासून नाही. ही तुलना अशोभनीय वाटल्यास मागे घेते. पांढरी माशी निदान पानावर चिकटा तरी सोडून जाते.

५. तरी झडप उघडी ठेवून प्रयोग पुन्हा करावा व तोवर रोपे जाळू नयेत, ही विनंती. झडपेजवळच्या पानांना अळ्यांनी तोंडही लावलेले नाही, लांबच्या कोपऱ्यात थोडे कुरतडले आहे. माझ्या बाजूने बोलणारे तेवढेच उरले आहे. प्रयोगाच्या काळात मला बाहेर ठेवून कुलूप लावले तरी चालेल, फक्त किल्ली जावेकडे देऊ नये. एका रोपावर संकट आले की शेजारचे सावध होते, हे पुन्हा सिद्ध होईल. आम्हां दोघींची टेबले एकमेकांना लागून आहेत.

६. झडपेची कडी ढिली असल्याने ती उघडी राहावी म्हणून केसांच्या रबराने बांधलेली होती. तो रबर काल बैठकीत माझ्या मुठीत होता. जाऊ स्वतःहून बोलेल म्हणून मी मूठ उघडली नाही. आज तो जोडत आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, अद्याप कामावर असलेली,
हरितगृह साहाय्यक (थोरली)
दिनांक: १२ मार्च

सोबत: निळा केसांचा रबर, एक. तपास झाल्यावर परत मिळावा. जोडीतला दुसरा माझ्या केसांत आहे. दोन्ही मीच आणले होते, तिला एक आणि मला एक.