नजरेच्या कडा

ताई, तुला वाकून नमस्कार.

आधी चांगलं सांगते. ऑपरेशन गुरुवारी आहे. नाकातूनच करतात, डोकं उघडत नाहीत. आईला सांग, नाकाचं किरकोळ काम आहे.

आपल्या घरात कपबशी फुटली की आधी माझंच नाव यायचं. म्हणून कारखान्यात शिलाईच्या टेबलावरून माझ्या कोपराने कात्री पडायला लागली, दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले. धांदरट ती धांदरटच!

मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवरची ही गाठ वर्षापूर्वीच डोक्याच्या फोटोत दिसली होती. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, बघू." आणि बघतच बसले. डोकं दुखलं की गोळी, अक्षर पुसट झालं की नवा चष्मा.

परवा सर्जनबाईंनी माझ्या कानाशी बोट धरलं आणि हळूहळू पुढे आणलं. मला दिसलं तेव्हा ते जवळजवळ नाकासमोर होतं. त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजूंचं दिसेनासं व्हायला लागलं की लगेच आमच्याकडे पाठवायचं असतं. कुणी तपासलंच नाही?"

आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणे, "तुम्ही आधी सांगायचं होतं." जे दिसतच नाही, ते दिसत नाही हे माणसाला कळणार कसं गं?

गेलेली नजर किती परत येईल, यावर कुणी बोलत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तुझी धाकटी शाळेत रमली का?

सुट्टीत येईन तेव्हा फाटकाच्या बाजूला उभी राहू नकोस. अगदी समोर ये.

तुझीच,
धांदरट