बांधून ठेवलेला वाय

बाबा, ऐकलंत तर हसाल, पण या वयात मी गणित शिकून राहिले. तेही तुमच्या नातीकडून. ती बी.एस्सी.ला आहे, राइट टाउनातल्या कॉलेजातून स्कूटीवर येते आणि जेवणाच्या टेबलावर वह्या पसरते. परवा विचारलं, हे उलट्या इंग्रजी सहासारखं चिन्ह काय गं? म्हणाली, पार्शियल डेरिव्हेटिव्ह. उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असेल, तर एक बांधून ठेवायची, दुसरी जराशी हलवायची आणि उत्तर किती हलतं ते बघायचं.

अगं बाई, हे तर मला माहीत आहे! मी शाळेत असतानाचा विश्वकर्मा पूजेचा दिवस, फॅक्टरीत घरच्यांना आत सोडलंय, आणि तुम्ही मला तुमच्या भट्टीपाशी नेता. पोलाद किती कडक होणार ते आचेवर आणि वेळेवर, असं सांगता. "मग दोन्ही वाढवा ना," मी म्हणते. तुम्ही डोळे वटारता. "दोन्ही एकदम काहून? बिघडलं तर कशामुळे बिघडलं, कसं कळेल?" चारचौघांत बोललात म्हणून मी प्रसादाची बुंदीसुद्धा घेतली नाही.

तरी पहिलंच गणित चुकलं. एक्सचा वर्ग गुणिले वाय. एक्स हलवायचा, वाय बांधायचा, म्हणून मी वाय खोडूनच टाकला आणि लिहिलं नुसतं दोन एक्स. पोरगी म्हणाली, "आई, वाय को रोका है, मिटाया थोडी है!" उत्तर दोन एक्स वाय. म्हणजे न हलणारासुद्धा उत्तरात बसून असतो! मला इतकी गंमत वाटली की गॅसवरची भाजी करपली.

मग तिनं सहज विचारलं, "तू गणित काहून सोडलं?" मी नेहमीचं सांगितलं: अकरावीत नापास झाले, तुझे आजोबा म्हणाले, जमत नसेल तर सोड. तुमच्यासमोरही मी हेच सांगायची आणि तुम्ही गप्प बसायचे. पण या वेळी पेन हातात होता. म्हटलं, बाबांना जरा बांधून ठेवू. ते काही बोललेच नसते तर?

बाबा, विषयांच्या फॉर्मवरचं गणित मी आदल्याच दिवशी शाळेत खोडून आले होते. तुम्ही बोललात ते नंतर. मला तुमचा आडोसा बरा वाटला, आणि तुम्ही गेल्यावर तर कोणी विचारणारंच उरलं नाही. लाज वाटते हो.

पोरीला तोंडानं सांगायची अजून हिंमत होत नाही. हे तिच्याच वहीत लिहिलंय, दोन एक्स वायच्या खाली. पान फाडणार होते, पण राहू दिलं.