डावं मागचं दार

सोमवार, ३ मार्च

माझी गाडी मीच ओरबाडली — म्हणे!

एकोणीस वर्षं. रोज सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी, पिवळं फडकं घेऊन मी ती पुसतो. गोल गोल, टपापासून खाली. थंडी असो, ताप असो. शेजारी म्हणतात, गाडी ठेवावी तर यांनी. आणि आज लेकीने बॉनेटवर हातभर लांबून दिवा धरला. 'बाबा, बघा.' बघितलं. काळ्या रंगावर दिव्याभोवती कोळ्याची जाळी. हजारो बारीक रेघा, सगळ्या गोल. 'कुणी केलं हे?' — मी. 'तुम्हीच. कोरड्या फडक्याने. धूळ म्हणजे बारीक वाळूच असते हो.'

आपलेच दात, आपलेच ओठ! पण मला पटलेलं नाही.

खरं कारण मागाहून बाहेर आलं. तिच्या वर्कशॉपचा म्हातारा मालक पॉलिशचा विभाग एकाच्या हाती देणार आहे. एक तर लेकीच्या, नाही तर बाहेरून येणाऱ्या बारा वर्षांच्या अनुभवी माणसाच्या. मालक म्हणाला, 'एक जुनी काळी गाडी एकटीने करून दाखव. पंधरा तारखेला दिवा लावून बघीन.' जुनी, काळी, रेघांनी भरलेली. म्हणजे आमचीच! मी साफ नाही म्हटलं. या गाडीच्या स्टिअरिंगला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. रंगाला तरी का लागू द्यावा?

दोन वर्षांपूर्वी लॅबमधली चांगली नोकरी सोडून ती तिथे लागली तेव्हा मी म्हटलं होतं, 'एवढं शिकून गाड्या पुसणार?' तेव्हा गप्प राहिली. आज म्हणाली, 'पुसता तर तुम्ही, बाबा.' स्वयंपाकघरात बायको हसली. मला ऐकू आलं.

मंगळवार, ४ मार्च

गाडी पुसली नाही. हात नुसते शिवशिवत होते.

बुधवार, ५ मार्च

प्रयोग केला. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेली काळी चकचकीत पाटी — वर तराजूचं चित्र, खाली 'एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा'. तीच घेतली. पिवळं फडकं, अंगणातली चिमूटभर धूळ, वीस फेरे. खिडकीपाशी धरली. जाळी! निष्कलंक सेवेवर हुबेहूब गाडीसारखी जाळी.

एकतीस वर्षं मी लोकांची वजनमापं तपासली. खोटा तराजू दिसला की दुकानदाराचं काही ऐकून घेतलं नाही. मग आता स्वतःचं कसं ऐकू? पुरावा तो पुरावा.

किल्ली काढली. अटी सांगितल्या — गाडी नेणार मी, आणणार मी, काम चालू असेपर्यंत समोर बसणार मी. 'श्वास घेतला तर चालेल ना?' — लेक. बायको भांडी पुसत होती. म्हणाली, 'सगळी गाडी करणार का गं? का नुसतं बॉनेट?' लेक म्हणाली, 'सगळीच बघणार आहेत, आई.' हिने तेच ताट तीनदा पुसलं.

शुक्रवार, ७ मार्च

लेकीची सुट्टी पाचला होते, मग आमचं काम. मला स्टूल मिळालं. 'इथून हलायचं नाही.' ऑफिसात मी लोकांना असं बसवायचो!

आधी धुणं. दोन बादल्या — एक साबणाची, एक नुसती हातमोजा खळबळायला. म्हणजे काढलेली माती परत गाडीवर जात नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मला साठ वर्षांत सुचली नाही. मग मऊ मातीची वडी पाण्याने ओली करून पत्र्यावर फिरवली. वरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीवरून वडी काळीकुट्ट होऊन निघाली.

मग आलं माझ्या आवडीचं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र! टेकवायचं की आकडा, मायक्रॉनमध्ये. रंग कुठे किती आहे हे कळल्याशिवाय मशीन लावायचं नाही, नाही तर घासता घासता खालचा पत्रा दिसतो. मी वहीच काढली. ती सांगेल, मी लिहीन. बॉनेट ११२. टप ११८. पुढची दारं १०९, ११४. उजवं मागचं १११. डिकी ११६. 'झालं,' म्हणाली.

झालं कसं? डावं मागचं दार राहिलं! म्हणे, यंत्राची बॅटरी उतरली. मी उठलो, भिंतीवरच्या घड्याळातली काढून दिली. तिने नाइलाजाने टेकवलं.

२६८.

पुन्हा टेकवायला लावलं. २७१, २६५. 'असतो कधी कधी फरक,' म्हणाली आणि दिवा आवरायला लागली. असा फरक? दुप्पटीहून जास्त? हे दार पुन्हा रंगवलेलं आहे. गाडीला माझ्या हातून कधी ओरखडाही गेलेला नाही. म्हणजे शोरूमवाल्याने नवी म्हणून ठोकलेली गाडी विकली! मला! वजनमापं खात्यातल्या माणसाला!

शनिवार, ८ मार्च

शोरूमला पत्राचा कच्चा मसुदा. चार पानं झाली. बायको म्हणाली, 'एकोणीस वर्षांनी? जाऊ दे ना.' जाऊ कसं देऊ? हिला दुपारपासून डोकं दुखतंय.

रविवार, ९ मार्च

आज दिवसभर बसलो. लिहायचं पुष्कळ आहे.

आधी तिने अंगठी काढली, घड्याळ काढलं, पट्ट्याचं बक्कल झाकेल असा एप्रन घातला. मशीनची वायर खांद्यावरून मागे टाकली. म्हणजे रंगाला तिच्याशिवाय दुसरं काही लागायला नको. सगळ्या कडांना आणि रबरांना निळी चिकटपट्टी. कडेवर रंग सगळ्यात पातळ, तिथे मशीन क्षणभर जास्त थांबलं की गेला. त्यात तिने इतका वेळ घातला की मी म्हटलं, 'अगं, रंग कधी काढणार?' तर म्हणाली, 'रंग काढायचा नाहीये, बाबा. रंग ठेवायचा आहे.'

मग फोमच्या चकतीवर पॉलिशच्या मलमाचे वाटाण्याएवढे चार थेंब. बॉनेटचा दोन वितींचा चौकोन. मशीन आधी हळू, मग वेगात, पण तिचा हात मात्र मुंगीच्या चालीने. आडवं, मग उभं. मधेच पालथा हात पत्र्यावर ठेवून किती तापलंय ते बघते. आणि कान! मशीनचा आवाज जरा बदलला की माझ्या आधी तिला कळतो. एकदा थांबली, चकती ब्रशने झाडली, पुन्हा सुरू. माझ्या आयुष्यात मी सलग इतका वेळ गप्प कधी बसलो होतो?

पुसलं. मला वाटलं झालं! ती म्हणाली, 'थांबा. मलमाचं तेल रेघांत बसतं आणि रेघा लपतात. काही लोक तेवढ्यावरच गाडी देतात. दोनदा धुतली की सगळं परत.' म्हणून स्पिरिटने पुसलं, म्हणजे तेल जातं आणि खरं काय ते उरतं. हे मला फार आवडलं. आपल्याच कामावर आपणच धाड घालायची! मग दिवा धरला.

जाळी नाही. नुसता काळा. आणि त्यात दिवा, दिव्यामागे माझी लेक, तिच्या कपाळावरचा घाम. पट्टीच्या पलीकडे अजून माझी एकोणीस वर्षांची जाळी. मी रुमाल काढला, शिंकल्यासारखं केलं.

मशीन किती दाबतेस, विचारलं. 'अंदाजाने.' अंदाज हा शब्द मला चालत नाही! वर्कशॉपमधला वजनकाटा जमिनीवर ठेवला. 'दाब, तशीच.' साडेचार किलो. पुन्हा — साडेचार. पाठ फिरवून, डोळे मिटून — चार किलो चारशे! शपथेवर लिहितो, मी आयुष्यात पास केलेल्या निम्म्या काट्यांपेक्षा हा हात बरा. तसं म्हटलं तिला. 'मग मारा शिक्का,' म्हणाली. बॉलपेनने तिच्या मनगटावर गोल काढून आत सही केली. हसली, पण संध्याकाळपर्यंत पुसली नाही.

एक मात्र. बॉनेटच्या कोपऱ्यात एक लांब ओरखडा आहे. तिने त्यावरून नख फिरवलं, माझ्याकडून फिरवून घेतलं. अडकलं. 'नख अडकलं की राहू द्यायचं. तो काढायला गेलं तर रंगच संपतो.' मी हट्ट धरला. माझा शिक्का असलेला हात वर करून म्हणाली, 'राहू द्यायचं.'

सोमवार, १० मार्च

अंग मोडून आलंय. माझं! आणि मी नुसता स्टुलावर होतो.

बुधवार, १२ मार्च

टप आणि उजवी बाजू झाली. त्या बाहेरच्या बारा वर्षंवाल्याची गाडीही शेजारी चालू आहे. माणसाच्या चालीने चालवतो मशीन, मुंगीबिंगी नाही. मी स्टूल मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून ठेवलं.

गुरुवार, १३ मार्च

डावं मागचं दार. यासाठी तिने चकती बदलली, मऊ घेतली, वेग कमी. 'हा रंग हाताने मारलेला आहे, वेगळा वागतो.' किती जपून! बॉनेटला नव्हतं इतकं. घासून झाल्यावर दाराच्या खालच्या कडेपाशी हात ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, 'शोरूमवाल्याच्या पापावर एवढी माया?' म्हणाली, 'ज्याने केलंय त्याने छान केलंय, बाबा.' खरंच छान आहे. एकोणीस वर्षं रोज हात फिरवून मला कळलं नाही, म्हणजे बघा. पत्र मात्र सोमवारी जाणार.

शनिवार, १५ मार्च

मालक आला. म्हातारा, बारीक, बोटं कायमची काळी. मी रांगेत उभ्या पोरासारखा उभा. बायकोही आली होती — आग्रह करून! दिवा घेऊन त्याने एकेक भाग बघितला. स्वतः स्पिरिट मारलं, स्वतः पुसलं. बॉनेटच्या ओरखड्यावर नख फिरवलं. 'हा ठेवलास. शाबास.' त्या दुसऱ्याच्या गाडीवर स्पिरिट मारल्यावर निम्म्या रेघा परत वर आल्या होत्या म्हणे.

मग डाव्या मागच्या दारापाशी आला आणि उकिडवा बसला. बराच वेळ. उठताना गुडघे वाजले. लेकीला म्हणाला, 'चांगलं राहिलंय की गं दार. विभाग तुझा.'

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आणि मधेच हात थांबले.

राहिलंय?

'या दाराला तुम्ही ओळखता?' मी विचारलं. म्हातारा लेकीकडे बघतो, लेक आईकडे. बायको म्हणाली, 'घरी चला. सांगते.'

तोच दिवस, संध्याकाळ

घरी आलो. पाणी प्यालो. ही समोर बसली आणि एका दमात बोलली.

अकरा वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी, मी ऑफिसात असताना, ही गाडी चालवायला शिकली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. लायसन्स काढलं. माझ्या वाढदिवसाला ऑफिसच्या दारात गाडी उभी करून 'चला' म्हणायचं होतं. मी तपासणीच्या दौऱ्यावर तीन दिवस बाहेर होतो, तेव्हा सराव म्हणून गाडी काढली. आपल्याच फाटकाच्या खांबाला डावं मागचं दार.

'लेक पंधरा वर्षांची. तिनेच रंगवाला शोधला, हाच आजचा मालक. मागच्या गल्लीत तेव्हा त्याचं दुकान होतं. दोन दिवस शाळा बुडवून शेजारी बसली. बाबांना कळता कामा नये, एवढंच त्याला सांगत होती. शेवटचा हात त्याने तिच्याकडून मारून घेतला.'

म्हणजे दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती उगाच तिथे गेली नव्हती. आपल्या गुरूकडे गेली होती. आणि मी काय बोललो होतो!

'पुन्हा चालवली नाहीस?' 'नाही.' 'लायसन्स?' ही आत गेली, साड्यांखालून पाकीट आणलं. मुदत संपलेली असणार, मला वाटलं. नाही. मुदत संपली तेव्हा गुपचूप नवं करून आणलंय! कधीच चालवायची नसलेल्या गाडीसाठी.

'मला सांगितलं का नाहीस?' ही म्हणाली, 'तुम्ही रागावला असता.' त्यात तक्रार नव्हती. वजन सांगावं तसं सांगितलं.

असतो. खूप रागावलो असतो. जगाचे तराजू तपासत हिंडलो आणि घरात दिव्याखाली अंधार. माझ्या भीतीने दोन बायका अकरा वर्षं एक दार लपवत होत्या, आणि मी रोज सकाळी त्यावरून प्रेमाने फडकं फिरवत होतो. मला लाज वाटते आहे. पत्राची चारही पानं फाडली.

रविवार, १६ मार्च

गाडी हिने काढली. लेक शेजारी, मी मागे, डाव्या दाराशी. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी दाराची मूठ धरून होतो, नंतर सोडली — चालवते झकास! परतताना मात्र तोच खांब. तेच दार. आवाज मला अगदी कानाशी आला. मी उतरलो, वाकलो, नख फिरवलं. अडकलं. ही स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती. मी म्हटलं, 'राहू दे. उद्या बाजारात जायचंय, तूच काढ गाडी.'